किरकिरीच्या शोधात विठ्ठलवाडीला

विठ्ठलवाडी म्हटले की टाळमृदंग आठवावेत, असे नावच सांगते. पुण्यात मुठेकाठी एक विठ्ठलवाडी आहे, ती या नावाला जागते. मी सांगतो आहे ती विठ्ठलवाडी निराळी. कल्याण सोडून लोकल कर्जतच्या अंगाला वळली की पहिले स्टेशन लागते ते हे. बाहेर यावे तर रिक्षांचा कलकलाट, जवळच एस. टी.चा डेपो, आणि पलीकडे उल्हासनगरचे कँप पसरलेले. येथे टाळांपेक्षा हातोडेच अधिक ऐकू येतात. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही सहकुटुंब येथे गेलो, तेही एका आवाजाच्या पाठीमागे लागून.

आमची मोटार लहानशी, सात वर्षांची. पावसाळा सरता सरता तिला किरकिर जडली. हिचे म्हणणे, आवाज डाव्या दारातून येतो. कन्येचे म्हणणे, मागच्या सीटखालून. माझा संशय डॅशबोर्डवर. प्रत्येकाने आपापल्या कानाची बाजू घेतल्यामुळे गाडीत बसले की वाद सुरू होई. ठाण्यातल्या एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला, "रेडिओ थोडा मोठा लावत जा." दिवाळीला माळशेज घाट चढून ओतूरला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला जायचे होते. तेवढ्यात विठ्ठलवाडीला राहणाऱ्या आमच्या साडूंचा फोन आला. "गाडी इकडे आणा. आमच्या मिस्त्रींना दाखवू."

हा सल्ला त्या भागाला शोभणारा होता. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. छावणी गेली तरी 'कँप नंबर एक' ते 'कँप नंबर पाच' ही नावे अजून चालतात. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', या जुन्या विनोदावर मुंबईकर पुष्कळ हसले. पण ज्यांनी हातात काही नसताना दुकाने आणि कारखाने उभे केले, त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला हे मला कधी कळलेले नाही. फर्निचर म्हणा, जीन्स म्हणा, येथे जे मिळत नाही ते करून मिळते.

मिस्त्री साठीच्या पुढचे, बोलायला कमी. त्यांची उमेदवारी फियाट गाड्यांखाली गेलेली. ही गाडी याच मध्य रेल्वेवरच्या कुर्ल्याला प्रीमियर कंपनीत तयार होई. पुढे तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींना ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप मिळाला. त्या गाडीच्या मागच्या बाजूला लोखंडी पाट्यांच्या कमानी असत. पाटीवर पाटी घासली की बैलगाडीसारखी कुरकुर सुरू होई, आणि आवाजाची ओळख ही मिस्त्रींची पहिली बाराखडी ठरली.

"आवाज कुठून येतो ते सांगू नका," ते म्हणाले. "कधी येतो ते सांगा."

या एका प्रश्नाने आमचे तिघांचेही वाद निकालात निघाले. मोटारीच्या पत्र्यातून आवाज दूरवर वाहतो, काचांवर आदळून परत येतो आणि कानाला भलतीच दिशा दाखवतो. वेळ मात्र फसवत नाही. खड्ड्यावर येतो, की वळताना? ब्रेक दाबल्यावर, की सोडल्यावर? सकाळी थंडीत, की उन्हात गाडी तापल्यावर? शेजारी माणूस बसले की थांबतो का?

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी की, खडखड वेगळी आणि किरकिर वेगळी. खडखड म्हणजे दोन वस्तू एकमेकींवर आपटतात; त्यांना घट्ट करावे. किरकिर म्हणजे दोन वस्तू घासतात. एक क्षणभर दुसरीला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, आणि सेकंदाला शेकडो वेळा असे झाले की आपल्याला तो आवाज ऐकू येतो. व्हायोलिनच्या गजाला राळ लावतात ती या चिकटण्यासाठीच. वळणावर लोकलची चाके किंचाळतात तेही याच न्यायाने.

मग त्यांनी आमची गाडी रिकामी करायला लावली. डिकीतून दोन छत्र्या, पाण्याची बाटली, स्टीलचा डबा आणि हरवला म्हणून सोडून दिलेला चष्मा निघाला. जॅक आपल्या जागेतून सुटून पत्र्यावर नाचत होता. तो आवळला आणि निम्मी खडखड तेथेच संपली. सीटबेल्टचे बक्कल सीटच्या प्लॅस्टिकवर वाजत होते. त्या जागी नमद्याचा तुकडा चिकटवला. नंतर मिस्त्रींनी डॅशबोर्डच्या फटींवर कागदी चिकटपट्टी लावली आणि गल्लीतल्या गतिरोधकावरून गाडी हळूहळू नेली. पट्टी लावलेल्या फटीचा आवाज बंद झाला, की चोर तेथेच. एकेक पट्टी काढत जायचे. कन्या मागे कान देऊन बसली होती. तिला हा खेळ इतका आवडला की परीक्षेचा अभ्यास असा केला असता तर, असे हिच्या तोंडून निघालेच.

दाराच्या रबरी पट्टीवर मिस्त्रींनी शंखजिऱ्याची पूड चोळली. "रबरावर इंजिनचे तेल कधी घालू नका," ते म्हणाले. "रबर फुगते आणि सडते. सिलिकॉनचे वंगण चालते." ब्रेकजवळ मात्र कुठलेच वंगण न्यायचे नाही. पुष्कळ गाड्यांत ब्रेकची पट्टी झिजत आली की एक लहानसा पत्रा चकतीला लागून किंचाळावा, अशी मुद्दाम योजना असते. ती तक्रार नव्हे, नोटीस.

दुपारी तीनपर्यंत गाडी गप्प झाली असे आम्हांला वाटले. साडूंनी चहा मागवला. मिस्त्रींनी चहा घेतला नाही. त्यांनी बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून गाडी खालीवर दाबली, आणि आम्हांला मुळीच ऐकू न आलेला 'कुंई' असा बारीक आवाज झाला. मग स्टिअरिंग पुरते डावीकडे फिरवले. पुन्हा 'कुंई'.

गाडी खड्ड्यावर घेतली. मिस्त्रींनी आत उतरून पहारीसारखा पाना घालून चाकाजवळचा सांधा हलवला आणि मला खाली बोलावले. बॉलजॉइंट म्हणतात तो हा सांधा. खालच्या लोखंडी हाताला चाक जोडलेले राहते ते त्याच्या जिवावर. खुब्याच्या हाडासारखी वाटीत बसलेली गोळी, भोवती ग्रीस, आणि वर रबराची टोपी. टोपी फाटली होती. पावसाळाभर चिखलपाणी आत जाऊन ग्रीस धुऊन गेले होते. पाना लावला की सांधा हाताला कळेल इतका हलत होता.

"सुटला तर?" मी विचारले.

"चाक बाहेर पडते. स्टिअरिंग हातात राहते, गाडी नाही राहत."

बाजार बंद होत आले होते. आमच्या गाडीचा सांधा दोन दिवसांनी मिळणार होता. पहाटे निघायचे ठरलेले. ओतूरला सासूबाई वाट पाहत होत्या. साडूंनी भीत भीत सुचवले, "ग्रीस भरून चालेल का, जाऊन येईपर्यंत?"

"आवाज बंद होईल," मिस्त्री म्हणाले. "म्हणून तर भरणार नाही."

माळशेजमध्ये एका अंगाला कडा आणि एका अंगाला दरी. मी हिच्याकडे पाहिले. तिने कन्येकडे पाहिले आणि डिकीतून काढलेल्या छत्र्या उचलल्या. गाडी तेथेच ठेवून आम्ही लोकलने घरी परतलो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कल्याणहून एस. टी.ने निघालो. मांडीवर फराळाचे डबे आणि गर्दीत एक पाय अधांतरी, असा तो प्रवास झाला. पण घाटात धुके उतरले तेव्हा मला खिडकीबाहेर निवांत पाहता आले. स्वतः गाडी हाकताना ते कधी जमले नव्हते.

भाऊबीज उरकून परत विठ्ठलवाडीला गेलो. डाव्या बाजूला नवा सांधा बसला होता, चाकांचे अलाइनमेंटही झाले होते. जुना सांधा मिस्त्रींनी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. डॅशबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात अजून थोडी किरकिर आहे, असे कन्येने सांगितले. मिस्त्रींनी मान तिरपी करून ऐकले.

"ती प्लॅस्टिकची आहे, राहू द्या," ते म्हणाले. "पण पुढचा पावसाळा संपला की उजवा सांधा दाखवायला या."