आधी देव, मग पाहुणे

बालीला निघालो आहोत असे म्हटल्याबरोबर आमच्या इमारतीतल्या अनुभवी मंडळींनी आम्हांला सल्ल्यांनी झोडपून काढले. समुद्रकिनाऱ्यावर राहा, असे तळमजल्यावरचे म्हणाले. किनाऱ्यावर मुळीच राहू नका, असे तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले. एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत होते. “उबुदला जाच! अहो, काय तिथली शांतता! आणि सगळं आपलंच हो, आपलंच!”

या ‘आपलंच’वर भिस्त ठेवून आम्ही उभयता निघालो. शांततेची हिला गरजही होती. गेल्या वर्षी हिची आई गेली. आईचे कोकणातले घर आणि घरामागची भातखाचरे तिघा भावंडांच्या नावावर आली, आणि पाठोपाठ तिथे हॉटेल बांधू पाहणारे गिऱ्हाईकही चालून आले. दोघा भावांच्या सह्या झाल्या. तिसऱ्या सहीचा कागद आमच्या कपाटात पडून होता, आणि त्याविषयी घरात कुणी अवाक्षर काढत नव्हते.

विमानतळापासून उबुद पस्तीस-चाळीस किलोमीटर. पण पोचायला आम्हांला दोन तास लागले. वाटेत गावेच्या गावे एकेका कसबाची. बातुबुलानला दगडी मूर्ती, चेलुकला चांदीकाम, मासला लाकडावरचे कोरीवकाम. रस्त्याच्या कडेला गणपती ओळीने मांडलेले पाहून हिने सवयीने हात जोडले. ते गणपती अजून विकायचे आहेत, हे मागून लक्षात आले.

आणि शांतता? उबुदच्या मुख्य रस्त्यावर गाडी शिरली आणि तिथेच रुतली. पुढे गाड्या, मागे गाड्या, मधल्या फटींतून स्कूटर. संध्याकाळचे दादर बरे! दोन्ही अंगांना योगवर्गांच्या पाट्या. शिकवणारे बहुधा गोरे, शिकणारेही गोरे. काखेत चटईची वळकटी घेऊन सारे कसे प्रसन्नपणे चाललेले. पतंजलीच्या देशातून आलेले आम्ही दोघे मात्र बुटाची नाडी बांधायला वाकलो तरी ‘आई गं’ म्हणणार. एका अमेरिकन बाईंच्या आत्मकथनामुळे आणि २०१० साली त्यावर निघालेल्या चित्रपटामुळे मनःशांतीच्या शोधात इकडे येणाऱ्यांची रीघ लागली. गर्दी मनःशांती शोधणाऱ्यांचीच होती, त्यामुळे कुणी हॉर्न फारसा वाजवत नव्हते, एवढाच दिलासा.

उतरलो ते एका घरात. बालीतले जुने घर म्हणजे एक इमारत नव्हे, भिंतीने वेढलेला वाडाच. दार अरुंद, आणि दारातून आत पाऊल टाकले की समोर आडवी भिंत. भुतेखेते सरळ रेषेत चालतात, त्यांना वळता येत नाही, म्हणून ही तजवीज. आत वेगवेगळ्या पडव्या : वडीलधाऱ्यांची एक, धार्मिक विधींची एक, आणि आता पाहुण्यांच्याही दोन-तीन. देवस्थान ईशान्येच्या अंगाला. ते पाहून हिचा चेहरा उजळला. “बघा, आपलंच!”

आमच्या यजमानीणबाई चाळिशीच्या, हसऱ्या, आणि पाहुण्यांच्या सहवासाने बोलण्यापुरते इंग्रजी शिकलेल्या. त्यांचे नाव सांगण्यात काही हशील नाही, कारण बालीतल्या बहुसंख्य घरांत नावे चारच. पहिले अपत्य वायान, दुसरे मादे, तिसरे न्योमान, चौथे केतुत. पाचवे झाले की पुन्हा वायानपासून सुरुवात. मुलगा असो वा मुलगी, हीच नावे. बारशाला आत्याबाईंचे रुसवे होत असतील असे वाटत नाही.

भाषेनेही आम्हांला सुखावले. इंडोनेशियात नवऱ्याला ‘सुआमी’ म्हणतात. हे कळल्यावर दोन दिवस मी जरा ताठ चालत होतो. बायकोला ‘इस्त्री’ म्हणतात, हे मी हिला सांगितले नाही. १९२७ साली रवींद्रनाथ ठाकूर बालीत आले होते. एका राजाबरोबर मोटारीतून जाताना दोघांना एकमेकांची भाषा कळेना. वाटेत समुद्र दिसला तेव्हा राजा ‘समुद्र’ म्हणाला, आणि मग संस्कृतातले त्याचे आणखी पर्याय एकामागून एक म्हणत गेला. कवीला केवढा आनंद झाला असेल!

पण ‘आपलंच’चा आमचा ताठा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी उतरला. इथल्या सणासमारंभाचे मानाचे पक्वान्न म्हणजे सबंध भाजलेले डुक्कर! आम्ही शेंगदाण्याच्या दाट चटणीत कालवलेल्या भाज्यांचे ‘गादो-गादो’ आणि सोयाबीनचे ‘तेंपे’ यांवर चार दिवस काढले, आणि सुखाने काढले. साम्य दिसावे आणि त्यातच निराळेपण निघावे, असेच पुढेही होत राहिले. नुकताच गलुंगान होऊन गेला होता. दर २१० दिवसांनी येणारा हा सण, त्यात पितर घरी येतात. दारोदारी उंच, शेंड्याला वाकलेले, झावळ्यांनी सजवलेले वेळू उभे होते. गुढीच वाटावी, पण गुढी नव्हे. वर्षारंभाला त्यांचाही शकच चालतो, आपला शालिवाहनाचा तोच. तो दिवस पाडव्याच्या आगेमागेच येतो. आपण त्या दिवशी शोभायात्रा काढतो. ते ‘न्येपी’ पाळतात. चोवीस तास दिवा नाही, चूल नाही, घराबाहेर पाऊल नाही, विमानतळसुद्धा बंद!

या गावाचा लौकिक कसा वाढला, तेही सांगायला हवे. ‘उबाद’ म्हणजे औषध, त्यावरून उबुद. जावाहून आलेल्या मार्कंडेय ऋषींनी इथल्या दोन नद्यांच्या संगमावर तप केले, अशी कथा आहे. त्या संगमाला चंपुहान म्हणतात. १९२७ मध्येच वाल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार उबुदला आला आणि पुढे चंपुहानला घर बांधून राहिला. १९२९ मध्ये रुडॉल्फ बोनेट हा डच चित्रकार आला. तोवर इथली चित्रे मुख्यतः देवळांसाठी आणि राजवाड्यांसाठी काढली जात. आता बाजार, शेत, कापणी हेही कागदावर उतरू लागले. १९३६ साली या दोघांनी उबुदच्या राजघराण्यातले सुकावती आणि थोर कलावंत लेंपाड यांच्यासह ‘पिता महा’ हे कलावंतांचे मंडळ काढले. पुढे १९५६ साली ‘पुरी लुकिसान’ हे संग्रहालय उघडले. आम्ही तिथे तासभर काढू म्हणून गेलो आणि दुपार घालवून आलो. लेंपाडची काळ्या शाईची रेघ पाहताना पाय दुखतात हेसुद्धा विसरायला होते.

संध्याकाळी ‘केचाक’ पाहिला. एकही वाद्य नाही. पन्नास-साठ पुरुष उघड्या अंगाने गोल बसून ‘चक-चक-चक’ असा ताल घशातूनच काढतात, आणि मधल्या मशालीच्या उजेडात सीताहरण घडते. अंगावर काटा आला. मागाहून कळले की रामायणातला हा केचाक तसा प्राचीन नव्हे. अंगात येण्याच्या एका जुन्या विधीतला पुरुषांचा घोष घेऊन १९३० च्या दशकात श्पीस आणि बालीचे नर्तक यांनी तो पाहुण्यांसाठी बांधला. मी जरा हिरमुसलो. तिकीट काढून पाहिलेला नाच. म्हणजे सगळा देखावाच की काय?

यजमानीणबाईंना मी हे विचारले. त्या हसल्या. पाहुण्यांना दाखवायचे वेगळे, देवाला वाहायचे वेगळे, हे इथे पोराटोरांना ठाऊक असते. १९७१ साली बालीतल्या जाणकारांनी एकत्र बसून नृत्यांची तीन गटांत विभागणीच करून टाकली. काही फक्त देवळाच्या आतल्या अंगणात, देवासाठी. काही विधींना जोडून. आणि काही नुसती पाहण्यासाठी. तिकीट लावायचे ते तिसऱ्यांना. विकायचे काय आणि विकायचे नाही काय, हे त्यांनी पर्यटकांच्या लोंढ्यापुढे वेळीच ठरवले. वेळा तर वाईटही आल्या. १९६५-६६ च्या राजकीय हत्याकांडात हे बेट रक्ताने न्हाले. २००२ साली किनाऱ्यावरच्या कुताला बाँबस्फोटांत २०२ माणसे मेली, आणि लोकांना पुन्हा उभारी यावी म्हणून उबुदला २००४ पासून साहित्य-महोत्सव सुरू झाला. २०२० च्या साथीत पाहुणे एकाएकी थांबले. “तेव्हा आम्ही शेतावर गेलो,” बाई म्हणाल्या. “शेत होतं म्हणून.”

तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तो ही अंथरुणात नव्हती. बाहेर पडवीत यजमानीणबाईंशेजारी मांडी घालून बसली होती. समोर कोवळ्या झावळ्यांचा ढीग. बाली स्त्रिया रोज ‘चनांग’ करतात : पानाची तळहाताएवढी परडी, तिच्यात दिशेप्रमाणे फुले, पूर्वेला पांढरे, दक्षिणेला तांबडे, पश्चिमेला पिवळे, उत्तरेला निळे किंवा हिरवे. देवापुढे एक, उंबऱ्यावर एक, चुलीवर, दुकानाच्या गल्ल्यावर, स्कूटरवरसुद्धा. भुताखेतांसाठी जमिनीवर वेगळी. उदबत्ती, थोडे पाणी, बोटांच्या चिमटीत फूल, झाले. मग कोंबड्या ती विस्कटतात, कुत्री हुंगतात, त्याचे कुणाला काही नाही. उद्या पुन्हा नवी.

हिच्या हाताला वळण लगेच सापडले. झावळीच्या दुमडीत वेळूची चोय टोचायची ती आईने शिकवलेल्या पत्रावळीसारखीच. बाई कौतुकाने पाहत होत्या. दोघी बोलत होत्या ते शेताविषयी.

बालीत एकाच पाटावर भिजणाऱ्या शेतांच्या मालकांचा मिळून एक ‘सुबक’ असतो. कुणी केव्हा पेरायचे, पाणी कुणाला केव्हा सोडायचे, हे त्याच्या बैठकीत ठरते, आणि पाण्याच्या देवळांच्या पूजांशी ते बांधलेले असते. १९७० च्या दशकात सरकारी आग्रहाने लोक सवडीप्रमाणे पिकांवर पिके घेऊ लागले, तशी कीड माजली. सगळ्यांनी एकदम शेते पडीक ठेवली की किडीला अन्न उरत नाही, हे त्या जुन्या पद्धतीतले शहाणपण स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने पुढे संगणकावर मांडून दाखवले. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबकाच्या या भूमीला जागतिक वारसा म्हटले. पण उबुदच्या आसपास खाचरे बुजून बंगले उठतच आहेत. परक्याला इथे जमिनीची मालकी मिळत नाही. तो पंचवीस-तीस वर्षांच्या कराराने ती घेतो.

बाईंच्या शेजारचे शेत असेच गेले होते. आता धाकट्या दिराला त्यांचेही द्यायचे होते. “पैसे आले तर मुलाचं कॉलेज होईल,” बाई म्हणाल्या. “ते खोटं नाही. पण आमचा पाट बुजला की खालच्या तीन शेतांना पाणी कोण सोडणार?” मग त्यांनी सहज विचारले, “तुमचं शेत आहे का?”

हिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “आहे.”

वर्षभर आम्ही घरात ‘होतं’ असेच म्हणत आलो होतो.

निघायच्या दिवशी बाईंनी हिच्या हातात झावळीच्या चार परड्या ठेवल्या. विमानतळापर्यंत त्या कोमेजल्या, तरी हिने टाकल्या नाहीत. त्यांच्या शेताचे काय झाले, ते आम्हांला ठाऊक नाही. विचारायला धीर झालेला नाही.

मुंबईला परतल्यावर दुसऱ्या सकाळी खरवडल्याचा आवाज आला. आमच्या उंबऱ्याशी वर्षभर चिकटवलेली छापील रांगोळी ही सुरीच्या टोकाने काढत होती. मग डबा शोधला. रांगोळी ओल धरून गोळा झाली होती, ती चाळून हिने चार ठिपके काढले, आणि फोन उचलून भावांना सांगितले, “सही करीन किंवा नाही करणार, पण आधी तिघं मिळून एकदा खाचरात उभे राहू.”

भाऊ नाखुशीने का होईना, हो म्हणाले आहेत. या दिवाळीला आम्ही सारे कोकणात जमणार. कागद बरोबर न्यायचा आहे, आणि रांगोळीचा डबाही.