पाच आठवड्यांची शिदोरी

पाच आठवडे म्हणजे काही मोठा काळ नव्हे. आमच्या शाळेच्या हिशेबाने एक घटक चाचणी घेऊन तिचे पेपर तपासून होईतो तेवढे दिवस सहज निघून जातात. एवढ्याच मुदतीत जपानमधली विज्ञानाची आणि इंजिनिअरिंगची मुले अमेरिकेत जाऊन संशोधन शिकून येतात असे वाचले, तेव्हा मला हसू आले. नाकातानी प्रतिष्ठान नावाच्या जपानी संस्थेने अशी योजना चालवली आणि तिच्यातून कॉलेजात शिकणारी मुले ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात राहून आली. जपानात शिक्षणाचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्याच्या आधीच्या सुट्टीत हा प्रवास बसवायचा.

मी चित्रकलेचा मास्तर. माझी मजल मॅट्रिकच्या पुढे गेली नाही, आणि प्रयोगशाळेत मी पाऊल टाकतो ते विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते रंगवायला. तरीही त्या मुलांचे पाच आठवडे मला डोळ्यांपुढे दिसतात. पहिला आठवडा झोपेचे आणि घड्याळाचे भांडण मिटवण्यात जात असेल. दुसरा यंत्राची कळ कुठे आहे हे समजण्यात. यंत्र जरा ऐकू लागते न लागते, तोच परतीची तारीख जवळ येत असेल. मग आपल्या कामाचा तक्ता करायचा आणि त्याच्यापुढे उभे राहून परक्या भाषेत तो समजावून सांगायचा. एवढ्यात कसला शोध लागणार, असे कोणीही म्हणेल.

पण जपानी माणसाच्या अशा छोट्या मुक्कामांचा इतिहास पाहिला, की बोलणे थोडे जपून करावेसे वाटते. १८६३ साली देश सोडून जाणाऱ्याला तिथे देहान्त शिक्षा होती. तरीही चोशू प्रांतातले पाच तरुण लपून इंग्लंडला निघाले. त्यांतल्या दोघांना, कशासाठी जाता, असे विचारले तेव्हा ‘नौदल’ म्हणायचे होते, पण तोंडातून ‘नॅव्हिगेशन’ शब्द गेला, आणि जहाजावर त्यांना खलाशांच्या कामाला जुंपले गेले, अशी गोष्ट सांगतात. लंडनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यमसन यांनी या तरुणांना आधार दिला. ते दोघे तर तिथे जेमतेम सहा महिने टिकले. १८६४ साली मायदेशावर संकट आले म्हणून परतले. त्यांतला एक, इतो हिरोबुमी, पुढे १८८५ मध्ये जपानचा पहिला पंतप्रधान झाला.

दुसरी गोष्ट माझ्या अधिक जिव्हाळ्याची आहे, कारण तिच्यात एक कादंबरीकार आहे, आणि तो आधी शाळामास्तरही होता. नात्सुमे सोसेकी याला सरकारने १९०० साली इंग्रजीच्या अभ्यासाला लंडनला धाडले. तिथे तो एकाकी पडला, खंगला. १९०१ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर किकुनाए इकेदा हा रसायनशास्त्रज्ञ जर्मनीतल्या लाइप्झिगहून आला आणि काही आठवडे त्याच बिऱ्हाडी उतरला. दोघांच्या गप्पा रंगत. त्या गप्पांनी सोसेकीला साहित्याचा विचारही शास्त्रासारखा पायापासून करावा अशी उमेद दिली. इकेदा मायदेशी परतला आणि १९०८ साली त्याने घरच्या स्वयंपाकातल्या कोम्बू नावाच्या समुद्रशेवाळाच्या सारातून एक निराळी चव वेगळी काढली. आमच्या गावच्या चायनीजच्या गाडीवर चिमटीने टाकतात ते अजिनोमोटो तिचेच. आपल्या निबंधात त्याने लिहिले, की हीच चव टोमॅटोत, चीजमध्ये आणि मांसातही सापडते. चाखायला सगळे जग होते. पण उत्तर घरच्या सारात निघाले.

आता उलट उदाहरण. २००८ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले तोशिहिदे मास्कावा तोवर परदेशी कधी गेलेच नव्हते. स्टॉकहोमला त्यांनी आपले व्याख्यान जपानीतच दिले. मग न जाताही चालते की! चालते, पण ते का चालले हे पाहिले पाहिजे. आधी गेलेल्यांनी जे पाहिले ते त्यांनी आपल्या भाषेत आणून ठेवले होते. त्याच्याही आधी, कोणाला बाहेर पडता येत नव्हते तेव्हा, उदागावा योआन याने डच ग्रंथ वाचून हायड्रोजनला ‘सुइसो’ हा शब्द घडवला. सुइसो म्हणजे पाण्याचे मूलतत्त्व. आपल्या जुन्या पुस्तकांतला ‘उद्‌जन’ त्याचाच सख्खा भाऊ. त्यांचा सुइसो आजही विद्यापीठात राबतो आहे. आपला उद्‌जन मात्र पेन्शनीत निघाला.

ह्यूस्टनला उतरणारी मुले म्हणूनच मला रिकाम्या हाताने आलेली वाटत नाहीत. त्यांचे इंग्रजी अडखळत असेल, पण अणू आणि बल त्यांनी आईच्या भाषेत पचवलेले असतात. शिदोरी बरोबर आहे. पाच आठवड्यांत फक्त परक्या पंगतीला बसायला शिकायचे.

परवा आमच्या आठवीतल्या एका मुलीचे वडील शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. मुलगी गणितात हुशार. तिला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालायचे ठरले होते. मी त्यांना ही जपानची हकिगत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘‘गुरुजी, तुमचं पटतं. पण त्या पोरांना पुढची पुस्तकं त्यांच्या भाषेत मिळतात. माझ्या पोरीला बारावीच्या पुढं मराठीत काय मिळेल? कुठल्या कॉलेजात घालू तिला?’’

मी म्हणालो, ‘‘भाऊ, आज तरी त्याला माझ्यापाशी जबाब नाही.’’

ते गेले, आणि मी फळ्यापाशी बराच वेळ उभा राहिलो. पाच आठवड्यांसाठी मुले परदेशी धाडायला पैसा लागतो, आणि तो उभा करणारे आपल्याकडेही निघतील. पण त्या पाच आठवड्यांच्या मागे जी दीड-दोनशे वर्षांची पाटी-पेन्सिल आहे, ती कोणाच्या देणगीने येणार? तिला एक एक शब्द घडवावा लागतो, एक एक पुस्तक लिहावे लागते, आणि ते वाचायला मागच्या बाकावर एखादी मुलगी शिल्लक असावी लागते.