इंजिन पोटात की पाठीवर?

आपण घाटमाथ्यावरची माणसं. आपल्याकडे मासे येतात ते कारवार-गोव्याहून, बर्फाच्या पेटीतून. त्यामुळे बेळगावच्या एका प्राध्यापकाने बोटींवर लिहावं, आणि तेही अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या बोटींवर, हे वाचून काही जण हसतील. हसू द्या. पण माझ्या मेहुण्यांचं पोट गेली वीस वर्षं या बोटींच्या इंजिनांवर भरतंय. तिथे अलीकडे जे बदललं ते ऐकताना मला आपल्या उद्यमबागेची वारंवार आठवण होते. म्हणून हा प्रपंच.

मेहुणे म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले बंधू. मूळचे गोकाकचे. घरात कन्नड, पण बेळगावात आयटीआय करून उद्यमबागेत कामाला लागले तेव्हापासून मराठी आपल्याइतकीच अस्खलित. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. ते मला ‘सर’ म्हणतात, आधी थट्टेने म्हणायचे, आता सवयीने. डिझेल मेकॅनिक म्हणून ते आधी दुबईच्या गोदीत गेले. वहिनी नर्स. त्यांना फ्लोरिडात नोकरी मिळाली तेव्हा अण्णाही तिकडे गेले आणि वेस्ट पाम बीचजवळच्या एका बोटयार्डात लागले. २०२३ च्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागल्यावर आम्ही दोघं महिनाभर त्यांच्याकडे राहून आलो.

तिथल्या धक्क्यावर दोन जातींच्या बोटी शेजारीशेजारी उभ्या असतात. दोन्ही हौसेच्या मासेमारीसाठीच, पण स्वभाव अगदी वेगळे. फरक समजायला कारवारच्या बैतखोल बंदरातलं चित्र डोळ्यांपुढे आणावं. तिथे ट्रॉलरचं डिझेल इंजिन पोटात असतं, आणि लहान होडीचं मशीन मागच्या फळीला टांगलेलं असतं. अमेरिकेतही मूळ भेद एवढाच. फक्त पैशाने दोन्हींना भलतंच रूप दिलंय.

पहिली जात ‘स्पोर्टफिशिंग यॉट’. आम्ही पाहिलेली साठ फुटांची होती. पोटात दोन डिझेल इंजिनं, प्रत्येक दीड हजार अश्वशक्तीच्या आसपास. वजन चाळीस टनांच्या घरात. आत दिवाणखाना, स्वयंपाकघर, निजायच्या खोल्या. वर दुसरा मजला, तिथे कप्तान बसतो. आणि मागे पाण्याला लागून खोलगट डेक, जिथे मासा ओढणाऱ्याची खुर्ची जमिनीला घट्ट बसवलेली. मोठा मार्लिन गळाला लागला की कप्तान पुढे बघतच नाही. तो पाठमोरा उभा राहतो, हात मागे नेऊन इंजिनांचे दांडे धरतो आणि चाळीस टनांची बोट उलटी पळवत माशामागे नेतो. खाली त्याचा मदतनीस, ज्याला तिकडे ‘मेट’ म्हणतात, दोरी हातात घ्यायला तयार असतो. दोघांमध्ये बोलणं जवळजवळ नाहीच. मान हलली की कळतं.

या बोटीला परंपरा आहे. लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९३४ मध्ये ब्रुकलिनच्या कारखान्यातून अडतीस फुटांची ‘पिलार’ घेतली. ती आजही क्युबात, त्यांच्या घराच्या आवारात ठेवलेली आहे. पुढे वेस्ट पाम बीचमध्येच रिबोविच नावाच्या बापलेकांनी १९४७ साली ‘मिस शेव्ही टू’ ही लाकडी बोट बांधली. आजच्या स्पोर्टफिशिंग बोटीची ती पहिली आई, असं जाणकार मानतात. मग १९६० मध्ये ‘हॅटेरस’ कंपनीने एक्केचाळीस फुटांची फायबरग्लासची बोट पाण्यात सोडली आणि लाकडाचे दिवस हळूहळू सरले. गंमत म्हणजे ही कंपनी निघाली नॉर्थ कॅरोलायनातल्या हाय पॉइंट या गावात. हे फर्निचर आणि मोज्यांच्या कारखान्यांचं गाव, समुद्रापासून कितीतरी दूर. तेव्हा घाटावरच्याने बोटींत लक्ष घालू नये, हे म्हणणं काही खरं नाही!

दुसरी जात ‘सेंटर कन्सोल’. ही उघडी बोट. सुकाणूचं चाक आणि सगळी घड्याळं मधोमध एका उभ्या कपाटावर. चारही बाजूंनी चालायला मोकळी वाट, म्हणजे मासा जिकडे पळेल तिकडे गळ धरून आपणही जायचं. खुर्चीत बसून राहायचं नाही. आणि मागे ओळीने टांगलेली आउटबोर्ड इंजिनं. मी एका बोटीला चार मोजली. अण्णा म्हणाले, “नोड्री सर, याहून जास्तही असतात.”

टांगत्या इंजिनाची सुरुवात फार साधी आहे. मिलवॉकीच्या ओले इव्हिनरूडने १९०९ मध्ये विकायला काढलेलं यंत्र जेमतेम दीड अश्वशक्तीचं होतं. तळ्यात वल्ही मारायचा कंटाळा वाचवायला एवढं पुरे होतं. आणि आता? मर्क्युरी कंपनीने २०२१ मध्ये बारा सिलिंडरचं, सहाशे अश्वशक्तीचं आउटबोर्ड आणलं. अशी चार लावली तर चोवीसशे झाली. चाळीस फुटांची चांगली सेंटर कन्सोल ताशी पन्नास नॉटच्या वर पळते, म्हणजे नव्वद किलोमीटरहून जास्त. मोठी यॉट आरामात चालते ती तीस नॉटच्या आसपास. आता या उघड्या बोटींतही चामड्याच्या गाद्या, कपाटाखाली छोटी खोली, तिथे एसी आणि संडास, आणि बोट डुलू नये म्हणून आत गरगरणारा जायरोस्कोप असतो. किंमत दहा लाख डॉलरच्या घरात, कधी त्याहून पुष्कळ वर. तरीही साठ फुटी नव्या यॉटपुढे ती स्वस्तच.

मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला हिशेबाची उत्सुकता. अण्णांनी बोटं मोडून सांगितलं. यॉटला कप्तानाचा पगार, मेटचा पगार, धक्क्याचं मोठं भाडं, पाण्याखालचे पंखे आणि दांडे सांभाळायचे. इंजिन पूर्ण उघडायचं तर कधीकधी दिवाणखान्याची जमीन काढावी लागते. काम आठवडेच्या आठवडे चालतं. आउटबोर्ड मात्र काम झालं की खाऱ्या पाण्यातून वर उचलून ठेवता येतं आणि गोड्या पाण्याने धुता येतं. जुनं झालं की क्रेनने उतरवायचं, नवं चढवायचं, चार दिवसांत मालक पुन्हा समुद्रावर. इंजिन बाहेर गेल्यामुळे पोट सामानाला मोकळं. आणि उथळ पाण्यातही शिरता येतं.

मग यॉट घ्यायचीच कशाला? त्याचंही उत्तर आहे. वारा उलटा फिरला आणि लाटा उभ्या राहिल्या की हलकी बोट आपटत येते आणि माणसांची हाडं खिळखिळी होतात. चाळीस टनांची यॉट लाट कापत घरी आणते. तीन दिवस समुद्रावर राहायचं तर निजायला खोली लागते. उंचावरून कप्तानाला मासा लांबून दिसतो. उघड्या बोटीवर मासा मागे पळाला की दोरी त्या इंजिनांच्या रांगेत अडकण्याची भीती असते. शिवाय पेट्रोलपेक्षा डिझेल निर्धोक. जुने कप्तान तर सांगतात की अमुक एका बोटीच्या पंख्यांचा नादच असा असतो, की मासा त्याला ओढला जाऊन वर येतो. हे शास्त्र की श्रद्धा, देव जाणे!

एवढं झालं यंत्रांबद्दल. पण मला लिहावंसं वाटलं ते माणसांमुळे.

अण्णांचे एक स्नेही आहेत, साठी ओलांडलेले कप्तान. पंचवीस वर्षांहून अधिक काळ एकाच कुटुंबाच्या यॉटवर होते. मालकाच्या मुलांना गाठी मारायला, ढगांवरून वारा ओळखायला त्यांनीच शिकवलं. स्वतः ते पंधराव्या वर्षी मेट म्हणून लागले होते, दुसऱ्या एका कप्तानाच्या हाताखाली. तिथे शाळा नाही, सर्टिफिकेट नाही. आधी डेक धुवायचा, मग आमिष बांधायचं, मग वर्षानुवर्षं नुसतं बघायचं. आपल्याकडे तालमीत, गाण्यात किंवा लेथवर जसं शिकायचं तसंच हे. मालक वारले. मुलांनी यॉट विकली आणि चार इंजिनांची सेंटर कन्सोल घेतली. बोट धक्क्याला लावायला आता एक छोटी दांडी हलवली की संगणक सगळी इंजिनं आपोआप वळवतो. कप्तानाची गरज उरली नाही. निरोप प्रेमाने झाला, पैसेही चांगले दिले. पण अण्णा म्हणाले, “सर, त्या माणसाला पहाटे चारला जाग येते आणि जायला धक्का नसतो.”

हे ऐकून माझं मन साहजिकच यॉटच्या बाजूला झुकलं. पण दोन दिवसांनी त्याच मालकाच्या मुलीची भेट झाली. चाळिशीची बाई, दोन मुलांची आई. तिने आम्हाला आपल्या नव्या बोटीवर नेलं. चाक तिच्याच हातात! पाम बीचजवळ गल्फ स्ट्रीमचा उबदार प्रवाह किनाऱ्याच्या अगदी जवळून वाहतो. अर्ध्या तासात आम्ही गर्द निळ्या पाण्यात होतो. तिच्या धाकट्या मुलाला किंगफिश लागला. हा आपल्या सुरमईच्याच कुळातला. माझ्या पत्नीने तो बघितल्याबरोबर कुठल्या वाटणात शिजवायचा ते ठरवून टाकलं.

परतताना ती बाई सहज म्हणाली, की वडिलांच्या बोटीवर आम्ही बायका आत एसीत बसायचो. मासा लागला की पुरुषांचा आरडाओरडा ऐकू यायचा. कप्तान फार भला माणूस, पण त्याने गाठी शिकवल्या त्या माझ्या भावांना. मला कुणी विचारलंच नाही. ही बोट घेतली तेव्हा पहिल्यांदा मी समुद्र पुढून पाहिला.

यावर मी काय बोलणार? आपल्याकडे भटारखान्यात सगळी मेहनत कुणी केली आणि पंगतीत आधी कोण बसलं, हे आठवून पाहा. जुनी व्यवस्था प्रेमळ असते, पण तिच्यात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कुणाची जागा वरच्या मजल्यावर, कुणाची आतल्या सोफ्यावर. इंजिन पोटातून पाठीवर गेलं तेव्हा कप्तानाची नोकरी गेली आणि त्याच वेळी त्या मुलीच्या हातात चाक आलं. यातली एकच गोष्ट सांगणारा अर्धंच सांगतो.

अण्णांपुढे प्रश्न होता तो पोटाचा. डिझेल इंजिनाच्या अंगाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं, ही विद्या त्यांनी उद्यमबागेतल्या एका मुकादमाकडून घेतली. यार्डात येणारी कामं मात्र आउटबोर्डची वाढत चालली. न्यू जर्सीची ‘वायकिंग’ ही १९६४ पासूनची कंपनी, मोठ्या यॉटसाठी नावाजलेली. तिनेही २०१९ मध्ये ‘वालहाला’ नावाने सेंटर कन्सोल बोटी काढल्या, तेव्हा वारा कुठला हे कळायला कप्तान लागत नव्हता. यार्डाने अण्णांना सांगितलं, आउटबोर्डचा कोर्स करा. लॅपटॉप जोडायचा आणि दोष पडद्यावर वाचायचा. वय चौपन्न. शेजारच्या बाकावर मुलाच्या वयाची पोरं.

उद्यमबागेत सीएनसी यंत्रं आली तेव्हाही हेच झालं होतं. लेथवर हात बसलेले काही कारागीर हट्टाने बाजूला राहिले आणि बाजूलाच राहिले. काही शिकले. अण्णांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. महिनाभर वहिनींशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी मराठीत वाद घालून त्यांनी अखेर फॉर्म भरला. कोर्स पुरा केला. वरच्या गुणांनी पुरा केला, हे त्यांनी नाही, वहिनींनी फोनवर सांगितलं.

मी त्यांना म्हटलं, म्हणजे नव्याचा विजय झाला. ते हसले. म्हणाले, “कसला विजय? ज्या इव्हिनरूडने हे टांगतं इंजिन घरोघरी नेलं, त्याच्या नावाची इंजिनं २०२० मध्ये बंद पडली. उद्या विजेवरची येतील. तेव्हा ही पोरं माझ्या बाकावर बसतील.”

त्या कप्तानांचीही बातमी अलीकडे कळली. नव्या बोटी घेतलेली कुटुंबं त्यांना दिवसाच्या बोलीने बोलावतात. संगणक बोट धक्क्याला लावून देतो, पण ढग बघून परत कधी फिरायचं हे त्याला विचारता येत नाही. ते आता घरच्या सगळ्यांनाच शिकवतात. आणि गाठींचा पहिला धडा त्यांनी घेतला, तो जुन्या मालकाच्या मुलीचा.