आम्ही आणि आपण

उपासनेत एक जागा अशी येते की तेथे आमचे ओठ मिटतात. मंडळी उभी राहते आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार एका सुरात म्हणू लागते. आम्हीही उभे राहतो. सगळे उभे असताना एकट्याने बसून राहणे ही एक प्रकारची घोषणाच होईल, आणि कर्जतच्या त्या लहानशा प्रार्थनागृहात रविवारी सकाळी आम्हांला कसलीही घोषणा करायची नसते. शेजारी आमची आत्या असते. वय ऐंशीच्या पुढे. आवाज हल्ली थोडा कापतो, पण अंगीकारातला एक शब्दही सुटत नाही. आम्ही गप्प आहोत हे तिला ऐकू येत असणारच. गेली कित्येक वर्षे तिने मान वळवून पाहिलेले नाही.

गीते मात्र आम्ही म्हणतो, तीही जोरात. 'उपासना संगीता'तल्या रेव्हरंड टिळकांच्या रचना लागल्या की पेटीचा पहिला सूर ऐकताच पुढची ओळ आपोआप तोंडात येते. लहानपणी पाठ झालेले श्रद्धेबरोबर निघून जात नाही. प्रभूच्या प्रार्थनेच्या वेळीही, खरे सांगायचे तर, आमचे ओठ हलतात. अडते ते फक्त अंगीकारापाशी. असे का, याचा विचार करता करता आम्हांला उत्तर व्याकरणात सापडले.

प्रभूची प्रार्थना अनेकवचनी आहे. देवाला तिथे 'आमचा' पिता म्हटले आहे, भाकर 'आम्हांला' मागितली आहे. त्या 'आम्ही'त मंडळीतले भाविक असतात, पेंगणारे असतात, घड्याळाकडे पाहणारे असतात. त्यांत आमच्यासारखा एखादा खपून जातो. अंगीकार मात्र 'मी'ने सुरू होतो. इ.स. ३२५ मध्ये निकिया येथे धर्मसभा भरली, तिने केलेला अंगीकार 'आम्ही विश्वास ठेवतो' असा अनेकवचनी होता. पण प्रेषितांच्या अंगीकाराचे मूळ बाप्तिस्म्याच्या विधीत आहे. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न विचारले जात आणि त्याने स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचे असे. त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाला बोलता येत नसे. मराठीत लिहिणाऱ्याने स्वतःला 'आम्ही' म्हणवून घेण्याची एक जुनी, सोयीची प्रथा आहे आणि या लेखातही आम्ही तिच्या आडोशाला उभे आहोत. अंगीकारात तो आडोसा नाही.

आमचे आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी कर्जतला आले. कर्जत हे घाटाच्या पायथ्याचे स्टेशन. बोरघाटातली लोहमार्गाची चढण १८६३ साली खुली झाली. तिथला तीव्र चढ सदतीस फुटांना एक फूट असा आहे आणि तो चढण्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावावी लागतात. रेल्वेतले लोक त्यांना 'बँकर' म्हणतात. आजोबा या बँकरांवर होते. आत्या सांगते की घाट उतरण्याची पाळी असली की ते घरातून निघताना गुडघे टेकून प्रार्थना करीत, आणि कामावर गेल्यावर ब्रेकची तपासणी दोनदा करीत. एकदा पाळकांनी थट्टेने विचारले, 'दुसऱ्यांदा कशाला? विश्वास कमी पडतो का?' आजोबा म्हणाले, 'विश्वास माझा आहे, डब्यातली माणसं दुसऱ्यांची आहेत.'

ही गोष्ट आमच्या घरात श्रद्धेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. आम्हांलाही ती फार आवडते, पण आम्ही तिच्यात आता ब्रेककडे पाहतो आणि आत्या गुडघ्यांकडे.

आमची श्रद्धा कशी गेली, असे कोणी विचारले तर सांगण्याजोगे काही नाही. कोणी जवळचे अकाली गेले नाही, कोणा पाळकाने दुखावले नाही, एखाद्या पुस्तकाने डोळे उघडले असेही नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत रात्रीची प्रार्थना राहू लागली. बऱ्याच महिन्यांनी लक्षात आले की ती राहिल्याचे आपल्याला जाणवलेलेही नाही. मग थोडी भीती वाटली आणि पुन्हा सुरुवात करून पाहिली. पण पूर्वी बोलताना पलीकडे कोणीतरी ऐकत आहे असे वाटे, ते वाटणे परत आले नाही. रिकाम्या खोलीत आपणच आपल्याशी बोलत आहोत हे कळल्यावर बोलणे चालू ठेवणे कठीण होते. इतकेच.

मराठीत श्रद्धेत शिरलेल्यांच्या कथा मोठ्या ताकदीने लिहिल्या गेल्या आहेत. बाबा पदमनजींनी 'अरुणोदय' लिहिले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काय आले हे 'स्मृतिचित्रां'त आहे. योगायोग असा की अज्ञेयवादाचा उघड पुरस्कार करणारे आगरकर त्याच वर्षी वारले. लक्ष्मीबाईंची ती वर्षे आम्ही अलीकडे वेगळ्या नजरेने वाचतो. नवरा ज्या देवाला शरण गेला तो देव त्यांचा नव्हता. काही काळ त्या वेगळ्या राहिल्या, पुढे एकत्र आल्या तरी सोवळेओवळे सुटले नव्हते. ख्रिस्ती लोकांच्या मध्ये राहून आपले पाणी वेगळे ठेवणाऱ्या या बाईंवर टिळकांनी बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, पण आमचे मन रमते ते त्याआधीच्या वर्षांत. एका छपराखाली एक विश्वास ठेवणारा, एक न ठेवणारी, आणि दोघांचेही एकमेकांवाचून अडणारे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण त्याहून बोचरे आहे. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतरही चर्चची सगळी मते मुकाट्याने मान्य करायला त्यांनी नकार दिला. आपल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात त्या मुद्दा सोडत नाहीत. ख्रिस्ताला मी स्वीकारले, तुमच्या प्रत्येक सूत्राला नव्हे, असा त्यांचा एकूण सूर आहे. त्या श्रद्धावानच होत्या, त्यांना आमच्या पंक्तीला बसवण्याचा अगोचरपणा आम्ही करणार नाही. पण तोंडातून निघणारे वाक्य मनाला मान्य असले पाहिजे हा त्यांचा आग्रह आम्हांला ओळखीचा वाटतो.

मग जाता कशाला, असे आमचे बुद्धिवादी मित्र विचारतात. त्यांच्या मते हा दुटप्पीपणा आहे. दुसऱ्या बाजूचे काही स्नेही हे कळल्यावर आनंदित होऊन म्हणतात, 'मग आता घरी परत या!' या दुसऱ्या सूचनेचे उत्तर आम्ही आधी देतो, कारण ते सोपे आहे. कोणत्या घरी? ज्या गावात आमच्या पणजोबांचे घर वेशीबाहेर होते, त्या गावी? नगरला अमेरिकन मिशन १८३१ साली आले. त्याच्या शाळांत आमच्या पूर्वजांनी पहिल्यांदा पाटीवर हात ठेवला. ते स्वर्गाच्या ओढीने गेले की अक्षरांच्या, की माणूस म्हणून कोणी हाक मारली म्हणून, हे आज कोण सांगणार? या तिन्ही गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या नसाव्यात. स्वर्ग आमच्या हातून निसटला, अक्षरे राहिली. आणि वेस अशी की धर्म बदलला तरी जात सुटत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली मिळाला. ख्रिस्ती झालेले आजही बाहेरच आहेत. आमच्यासारखा ख्रिस्ती असूनही विश्वास नसलेला माणूस कोणत्या रकान्यात बसतो, हे तर कोणी विचारतही नाही. श्रद्धा गेली म्हणून हा इतिहास आमच्या अंगावरून उतरत नाही.

बुद्धिवादी मित्रांच्या प्रश्नाचे उत्तर कठीण आहे. ते देण्याचा प्रयत्न एका रविवारच्या आधाराने करतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वस्ती, वर जायला गाडीरस्ता नाही, पाऊस कोसळतच होता. रविवारी, २३ तारखेला, शोधकार्य थांबवण्यात आले. २७ मृतदेह मिळाले होते, ५७ माणसे सापडली नव्हती. त्या सकाळी आम्ही कर्जतला उपासनेत होतो. ओल्या छत्र्या दाराशी ठेवल्या होत्या. पाळक तरुण होते. मध्यस्थीच्या प्रार्थनेची वेळ आली तेव्हा ते उभे राहिले, त्यांनी वाडीचे नाव घेतले आणि पुढे त्यांना बोलता येईना. ते तसेच उभे राहिले. मंडळीही गप्प. पत्र्यावर पावसाचा आवाज तेवढा होता. किती वेळ गेला कोण जाणे, पण इतका वेळ कोणीही घाईने शब्द भरून ती शांतता बुजवली नाही, देवाची इच्छा वगैरे म्हटले नाही. ईयोबाच्या पुस्तकात त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर न बोलता बसून राहतात. तोंड उघडल्यावर त्यांचे चुकत जाते. त्या सकाळी आमच्या मंडळीने तोंड उघडले नाही. आम्हांला त्या गप्प राहण्यात वेगळे पडल्यासारखे वाटले नाही. अंगीकाराच्या वेळी आमचे मौन एकट्याचे असते, त्या दिवशी ते सगळ्यांचे होते. उपासनेनंतर बायकांनी चादरी आणि भांडी यांची यादी केली, आणि दुपारी चौककडे जाणाऱ्या टेम्पोत आम्हीही गोणी चढवल्या.

मित्र म्हणतील, चादरी तर कोणीही पाठवतो, त्यासाठी देवळात बसावे लागत नाही. खरे आहे. शेकडो लोकांनी पाठवल्या. आम्ही फक्त एवढेच सांगतो की ज्या माणसांबरोबर गप्प बसता येते अशी माणसे आम्हांला दुसरीकडे फार भेटलेली नाहीत. रूथच्या गोष्टीत ती विधवा सून आपल्या सासूला एका दमात दोन वचने देते, एक तिच्या लोकांबद्दल आणि एक तिच्या देवाबद्दल. आम्ही पहिल्यापाशी थांबतो. अर्धे वचन हे वचन ठरते की नाही, याचा निकाल आमच्याजवळ नाही.

अडचण येते ती प्रभुभोजनाच्या दिवशी. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे लहान पेले असलेले तबक ओळीतून पुढे येते आणि आम्ही ते हात न लावता आत्याकडे देतो. पहिल्यांदा असे झाले तेव्हा मागच्या बाकावर कुजबुज झाली. आत्या घरी येईपर्यंत काही बोलली नाही. चहा ठेवता ठेवता म्हणाली, 'घेतलं नाहीस ते बरं केलंस. पौलानं लिहिलंय, पारख न करता घेऊ नये. खोटं घेण्यापेक्षा राहू दे.' आम्ही चकित झालो. आम्ही ज्याला आमचा नकार समजत होतो, त्याला तिने तिच्या शास्त्रात जागा काढून दिली होती. पण ती लगेच पुढे म्हणाली, 'मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. रोज रात्री तुझं नाव घेते.' हे ऐकून उत्तर काय द्यायचे? ती ज्याच्यापाशी आमचे नाव घेते तो तिथे नाही, असे आम्हांला वाटते. नाव मात्र रोज घेतले जाते. ते घेणे थांबेल त्या रात्री आम्हांला ते कळणारही नाही, आणि या विचाराने घशाशी काही दाटते, ते आमच्या कोणत्याही तर्कात बसत नाही.

गेल्या पावसाळ्यात तिने सरळच विचारले. उपासना संपली होती, लोक एकमेकांना सलाम करीत बाहेर पडत होते, आम्ही तिची काठी शोधत होतो.

'माझ्या मातीला शास्त्रपाठ तू वाचशील ना?'

आम्ही म्हणालो, 'आत्या, तुला माहीत आहे.'

'माहीत आहे म्हणूनच विचारते. विश्वास काय तो पाळक सांगतील. तू नुसतं वाच. ते पुनरुत्थानाचं. तुझी जोडाक्षरं स्वच्छ आहेत, या पोरांना 'पुनरुत्थान' म्हणता येत नाही.'

आम्ही हसलो, तीही हसली. मग आम्ही होकार दिला. त्या दिवशी आम्हांला तिथे उभे राहून मेलेले उठतील असे वाचावे लागेल, आमचा त्यावर विश्वास नसेल आणि समोर तिची पेटी असेल. हा दुटप्पीपणा आहे काय? असेलही. ज्या तोंडाने अंगीकार म्हणायला आम्ही इतकी वर्षे नकार दिला, त्याच तोंडाने हे वाचायचे आहे. फरक एवढाच की तिथे आम्ही 'मी' म्हणून बोलणार नाही, दुसऱ्याचे पत्र मोठ्याने वाचून दाखवावे तसे वाचू. तो फरक पुरेसा आहे की नाही हे त्या दिवशीच कळेल.

काठी बाकाखाली सापडली. बाहेर पाऊस उघडला होता, स्टेशनकडून बँकर जोडल्याचा धक्का ऐकू आला. आत्याने पायरीवर थांबून छत्री मिटवली आणि आमचा हात धरला.

'चल,' ती म्हणाली, 'आपण निघू या. तुझी गाडी चुकेल.'