अधिकारभेद

आमच्या धाकट्या बंधूंची नात मेलबर्नला आहार व व्यायाम या विषयांत संशोधन करते. गेल्या पौषांत ती घरीं आली, तेव्हां ती ज्या संस्थेची सभासद आहे तिची हकीकत निघाली. नांव बरेंच लांब आहे: इंटरनॅशनल सोसायटी ऑफ बिहेव्हियरल न्यूट्रिशन अँड फिजिकल ॲक्टिव्हिटी. ही २००१ सालीं निघाली. हितकर काय हें ठाऊक असूनही माणूस भलतेंच कां खातो व बसून कां राहतो, हा तिचा मुख्य विषय. एवढें मला पटलें. परंतु त्या एका संस्थेच्या पोटांत मुलें व कुटुंब यांचा एक अभ्यासगट, वार्धक्याचा दुसरा, धोरणें व परिसर यांचा तिसरा, सामाजिक व आर्थिक विषमतेचा आणखी एक, असे अनेक गट आहेत हें ऐकून मला हंसूं आलें.

"म्हणजे जातींत पोटजाती आल्याच!" मीं म्हटलें.

"पोटजात बदलतां येत नाहीं, आजोबा. इथें एकच प्रश्न दोन-तीन गटांत बसतो. बरें, आपली आजी कोणत्या गटांत?"

"वार्धक्याच्या," मीं चटकन् उत्तर दिलें. ती कांहीं बोलली नाहीं.

तो प्रश्न मनांत राहिला, यास कारण होतें. गेल्या श्रावणांत आमचें कुटुंब स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीं तोल जाऊन पडलें व मनगट मोडलें. त्यापूर्वीं तीन वर्षें तिचे गुडघे दुखत आणि मी तिला वाग्भटाचा आधार दाखवून बसवून ठेवीत असें; कारण अष्टांगहृदयांत बालकानें व वृद्धानें व्यायाम वर्ज्य करावा असें सांगितलें आहे. मी स्वतः तिच्याहून चार वर्षांनीं मोठा, रोज पहांटे तासभर फिरावयास जाणारा. पण स्वतःस वृद्धांत गणावें हें मला सुचलें नाहीं! बळ व ऋतु पाहून व्यायामाचें मान ठरवावें, हेंही वाग्भट तेथेंच सांगतो. तेवढा भाग घरांत वाचून दाखविण्याचें राहून गेलें.

नातीनें जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० सालचे नियम दाखविले. प्रौढांस आठवड्यांत निदान १५० मिनिटें मध्यम श्रम. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें. आणि पासष्टीपुढील माणसांस याखेरीज आठवड्यांतून तीन दिवस तोल व बळ राखणारे व्यायाम, तेही पडणें टळावें म्हणूनच. वाग्भटानें वगळलेल्यांचीच येथें विशेष काळजी!

मीं लागलींच कुटुंबास उद्यांपासून पहांटे बरोबर येण्यास सांगितलें.

"आणि नऊ माणसांच्या पोळ्या?" ती म्हणाली. "मुलांचे डबे सातला निघतात. आपण यावें फिरून."

चाळीस वर्षें मी फिरून येतों तों चहा तयार असे. सर्वांचीं पानें उठल्यावर ती उरेल तें घेऊन बसे, आणि आपण तिला पथ्य सांगत आलों. नातीनें माझ्याकडे पाहून पुन्हां विचारलें, "आतां सांगा, कोणता गट?"

हल्लीं सोमवार, बुधवार व शुक्रवार सकाळच्या पोळ्या आमचे दोघे चिरंजीव करतात. त्या पोळ्यांच्या आकाराविषयीं न बोललेलें बरें. त्या वेळीं कुटुंब खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभें राहतें व दहापर्यंत अंक मोजतें. पडेल म्हणून मी मागें उभा असतों. परवां मींही तसाच पाय उचलून पाहिला. सहा म्हणण्यापूर्वींच मला तिचा खांदा धरावा लागला.