एका पैशाचा हिशेब

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकणारी माझी कन्या सध्या मला ‘सी’ भाषेचे धडे देते.

‘अ‍ॅरे’ समजण्यास मला वेळ लागला नाही. एकाच जातीच्या रकमा एका नावाखाली ओळीने ठेवावयाच्या; जणू खतावणीचे एक पानच. फरक इतकाच, की येथे पहिल्या घराचा क्रमांक १ नसून ० असतो. शंभर रुपयांचे तीन समान भाग करून मी तीन घरांत भरले आणि ‘प्रिंटएफ’ने छापले. दशांशबिंदूपुढे सहा-सहा आकडे उमटले. कन्या म्हणाली, “पप्पा, एकूण रुंदी ८ आणि दशांश २ असे सांगा.” तसे लिहिताच रकमा बिंदूखाली बिंदू अशा नीट उभ्या राहिल्या. वडिलांचा रोजमेळ डोळ्यांपुढे आला.

तीन ओळींत ३३.३३ आणि खाली बेरीज १००.००. सवयीने मी तोंडी बेरीज केली, तर ९९.९९! एक पैसा गेला कोठे?

“कोठेच गेला नाही,” ती म्हणाली. “घरातील रक्कम आहे तशीच आहे, आणि बेरीज तिचीच झाली. छापताना फक्त दोन दशांश दाखवले.”

मी स्तब्ध झालो. आम्ही तिघे बंधू विभक्त झालो, तेव्हा वाटणीच्या कागदावरील रकमा आणि खालची बेरीज यांत थोड्या रुपयांचा फरक होता. हिशेब थोरल्या बंधूंनी लिहिला होता. मी त्यांना विचारले नाही. मनात मात्र संशय धरला, आणि पुढे येणेजाणेच थांबले. तो फरक पूर्णांक करण्याचा असेल, हे मला सुचलेही नाही.

वडील असते, तर उरलेली रक्कम त्यांनी धर्मादा खाती वेगळी लिहिली असती. मी कन्येला तसेच करावयास सांगितले. तिने रुपयांचे १०,००० पैसे केले, प्रत्येक घरात ३,३३३ ठेवले आणि चौथी ओळ छापली : शिल्लक १. आता पान मिळाले.

त्या रात्री मी थोरल्या बंधूंना दूरध्वनी केला. हिशेबाचा विषय त्यांनी काढू दिला नाही. एवढेच म्हणाले, “उद्या जेवायला ये.”