चोर्ला घाट, उद्यमबाग आणि अँबेसेडरचा डिफरन्शियल

बेळगावहून गोव्याला जायला रस्ते अनेक, पण जुन्या अँबेसेडरची तब्येत कळते ती चोर्ला घाटात. जांबोटी मागे पडली की झाडी दाट होते. मलप्रभेच्या उगमाचं कणकुंबी येतं आणि चोर्ला ओलांडल्यावर रस्ता वळणं घेत केरीपर्यंत उतरतो. पावसाळ्यात इथे काचा खाली करून जावं. धबधब्यांचा आवाज ऐकू येतो आणि मागच्या एक्सलचाही!

हा आवाज ओळखायला शिका. ॲक्सिलरेटर दाबल्यावर घूंऽऽ वाढतं आणि पाय काढल्यावर सूर बदलतो, तर संशय क्राऊन-पिनियनवर. चढाला दातांची एक बाजू ओढते, उताराला दुसरी. म्हणून घाट दोन्ही बाजू दाखवून देतो. पाय दाबा वा काढा, घरघर तशीच राहिली तर आधी बेअरिंगं पाहावीत. सगळा डिफरन्शियल बदलायची घाई नको.

बदलायचाच ठरला, तर आपल्या बेळगावात उद्यमबाग आहे. फाउंड्री आणि मशीन शॉपच्या या वसाहतीत लोखंडाची पारख असलेली माणसं भेटतात. अँबेसेडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. त्यामुळे बरेचदा जुन्या गाडीतून काढलेला मालच घ्यावा लागतो. तिथे "अँबेसेडरचाच आहे, बसतोय की!" एवढ्यावर पैसे मोजू नका. ही गाडी अनेक दशकं बनली. इंजिनं पेट्रोलची, डिझेलची, पुढे इसुझूचीही आली. म्हणून नावापेक्षा दात मोजा. क्राऊनला 43 आणि पिनियनला 10 दात असतील, तर गुणोत्तर 4.3. आकडा मोठा, तर गाडी घाट सहज चढते, पण हायवेला इंजिन ओरडतं. आकडा लहान, तर उलट. शिवाय गुणोत्तर बदललं की स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवू लागतो.

आपल्या गाडीचं गुणोत्तर न उघडताही कळतं. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक सोडा, बाकीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. मागचं एकच चाक जॅकवर उचलून बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट जितके फेरे घेईल, तेच गुणोत्तर. गाडीखाली मात्र जाऊ नका. शाफ्टला खडूची खूण करून बाजूने मोजा.

दुसरं, क्राऊन आणि पिनियन ही जोडी आहे. कारखान्यात दोघांचे दात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एक इथला, एक तिथला असं लग्न लावलं की आवाज आलाच. दातांवर टवके, खड्डे किंवा तापून आलेली निळसर झाक असेल, तर माल परत ठेवा. तेलात बारीक करडा चिखल चालतो, लोखंडाचे तुकडे नाही. एक्सलच्या टोकाच्या खाचाही आपल्या जुन्या एक्सलशी ताडून बघा. बसवताना मिस्त्रीने डायल गेजने दातांमधली मोकळीक मोजावी, निळा रंग लावून दात कुठे टेकतात ते पाहावं आणि ईपी 90 तेल भरावं.

घरात आजोबांची अँबेसेडर उभी असेल, तर तरुण मंडळींनो, ती भंगारात द्यायच्या आधी एक रविवार उद्यमबागेत काढा. हे जाणणारे मिस्त्री आता वयस्क झालेत. सुटा भाग एक वेळ मिळेल. दातांवरून बोट फिरवून त्याची हालत सांगणारा माणूस पुढे मिळेलच असं नाही.